मास्तरांच्या वीस करवंट्या

१

रामचंद्र मास्तरांच्या वहाणा चिखलाच्या काठावर जोडीनं ठेवलेल्या होत्या, देवळाच्या पायरीशी ठेवतात तशा. शेजारी मिटलेली छत्री. तिथून अनवाणी पावलं सरळ खाडीत गेली होती. परतीचं एकही पाऊल नव्हतं.

हे पाहिलं तुळशीनं, माझ्या भाच्याच्या बायकोनं. अष्टमीची दुपार कलली होती आणि ती चिखलातल्या शिंपल्या, तिसऱ्या, वेचायला गेली होती. मी गावात नव्हते. सुकी मासळी घेऊन माणगावच्या बाजाराला गेले होते. मी असते तर मास्तर त्या वाटेनं गेले नसते, हे मी आजही म्हणते. ज्याला खोटं वाटतं त्यानं माझ्या ओटीवर येऊन तसं म्हणावं.

आमचा कोळीवाडा दिघीच्या अलीकडे, खाडीच्या एका फाट्यावर. फाट्यापलीकडे बोट कंपनीच्या साहेबाचा बंगला. जायला कंपनीची नाव असते. नाव नसली तर उधाणाच्या दिवसांत, पाणी पुरतं ओसरलं की, फाटा पायीही ओलांडता येतो. त्या जागेला आम्ही उतार म्हणतो. पण अष्टमीच्या आसपास पाणी मरगळतं; धड चढत नाही, धड ओसरत नाही. त्याला आमच्यात भांग म्हणतात. भांगात उतार लांबून सुकल्यासारखा दिसतो, आणि मधोमध माणूस कमरेपर्यंत रुततो. मग पाणी येतं. सावकाश येतं, तेच वाईट.

गाव म्हणालं, गिऱ्हानं नेलं. गिऱ्हा खाडीत राहतो, ओळखीच्या माणसाचं रूप घेतो, हाक मारतो आणि हात धरून आत नेतो. मी म्हटलं, गिऱ्हाला मास्तर कशाला हवा, त्याला कुठं परीक्षेला बसायचंय.

दुसऱ्या दिवशी मी परतले आणि भर दुपारी बाराला मास्तरांच्या बंद खोलीतून आवाज आला. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टक. वाटेवरच्या बायका पाट्या टाकून पळाल्या. मी उभी राहिले, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. करवंटीत शिंपली पडल्याचा. महिनाभर तो आवाज माझ्याच वाचण्याचा होता.

२

कंपनीनं खडकावर दिव्याचा मनोरा बांधला होता आणि त्यावर तीन माणसं हवी होती, कायमची, पगारी. मुंबईहून हुकूम आला की वशिला नको, परीक्षा घ्या. परीक्षाही नव्या तऱ्हेची. प्रश्न लिहायचा, खाली चार उत्तरं द्यायची, बरोबर असेल त्यावर फुली मारायची. वीस प्रश्न. दहा कामाचे, ते रघू तांडेलानं आपल्या शब्दांत सांगितले, कारण त्याला अक्षरओळख नाही. दहा कंपनीच्या नियमांचे. ते धक्क्यावरचे कारकून बाळाजीपंत यांनी केले. विसांची प्रत पंतांनीच उतरवली.

रामचंद्र मास्तरांना कंपनीनं घाटावरून आणलं ते परीक्षा घ्यायला नव्हे, त्या प्रश्नांचीच परीक्षा करायला. उंच, वाकलेला, मासळीच्या वासानं नाकाला कधी धोतराचा सोगा न लावणारा माणूस. माझ्या ओटीवर टेकले आणि विचारलं, शिक्षण किती. मी सांगितलं, दुसरी. तिसरीत मास्तरानं माझ्या बापाच्या धंद्याला नाक मुरडलं, तेव्हा मी पाटी त्याच्या पायावर सोडली आणि घरी आले.

"राहीबाई, मला अशीच बाई हवी होती," ते म्हणाले.

"पाटी टाकणारी?"

"अडखळणारी."

दुसरा कुणी असता तर ओटीवरून खाली गेला असता. पण त्यांनी समजावून सांगितलं. मनोऱ्यावरच्या माणसाला वाचावं लागतं ते केवढं? पाटीवरचा हुकूम आणि पंचांगातली तिथी. प्रश्न त्याहून जड भाषेत विचारला, तर दिवा उत्तम सांभाळणारा माणूसही नापास होणार, कारण त्याला प्रश्नच कळणार नाही. म्हणून प्रश्न वाचायला किती जड आहे ते आधी मोजायचं. शिकलेल्याला ते मोजता येत नाही. तो तेलावरून गेल्यासारखा जातो, खडे त्याच्या पायाला लागतच नाहीत.

मग वीस करवंट्या घासून घेतल्या, प्रत्येकीवर चुन्यानं आकडा घातला आणि त्यांच्या खोलीत भिंतीकडेनं मांडल्या. शिंपल्या माझ्या चुलीवरच्या. मी मोठ्यानं वाचायचं. जीभ अडली की एक शिंपली, अर्थ लागला नाही की एक. पाचाच्या वर गेल्या की तो प्रश्न बाद, असा साहेबाशी करार होता.

रघूच्या प्रश्नांना एखादी, फार तर दोन पडल्या. नऊ नंबरला तर एकही नाही. 'अष्टमीच्या भांगात दुपारच्या ओहोटीला उतार पायी ओलांडता येतो का?' हा प्रश्न मी एका दमात वाचला, मास्तरांनी मान डोलावली आणि आम्ही पुढं गेलो. पंतांच्या प्रश्नांना मात्र आठ, अकरा, एकाला चौदा. 'अनधिकृत इसमास प्रवेशाची अनुज्ञा' आलं तेव्हा मी विचारलं, ही अनुज्ञा कुणाची पोर. मास्तर डोळ्यांत पाणी येईतो हसले. मग त्यांनी पंतांच्या दहा करवंट्या पुन्हा मोजल्या. पंतांचे तीन पुतणे इंग्रजी शाळेतून आलेले, आणि तिघांचेही अर्ज आलेले होते.

"हे दहा प्रश्न दिव्यासाठी माणूस शोधत नाहीत," ते म्हणाले. "माणूस आधीच शोधलेला आहे."

हे सगळं लिहिलेला अहवाल पिशवीत घालून ते साहेबाकडे निघाले, त्या दिवशी अष्टमी होती.

३

तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी सापडली. माझ्या भाच्याच्या, शिवदासाच्या होडीत, शिडाखाली झाकलेली. आतल्या कागदांचा लगदा झाला होता, शाई धुऊन गेली होती.

शिवदासाचाही अर्ज होता. पंतांनी सरावाला दिलेले तसलेच जड प्रश्न वाचताना त्यानं चारचौघांत म्हटलं होतं की हा कागद खाडीत बुडवला पाहिजे. बोलायला गेला एक आणि ते गळ्याशी आलं. पंतांनी मुरूडला फौजदाराकडे माणूस धाडला. दुसऱ्या दिवशीच्या भरतीला फौजदार येणार होता आणि पाणी फिरलं की शिवदासाला बेड्या घालून नेणार होता. तुळशीला सातवा महिना. ती रडत नव्हती, नुसती माझ्या दारात बसून होती. ते बघवत नव्हतं.

मी शिवदासाला समोर बसवलं.

"मावशे, पिशवी माझ्या जाळ्याच्या खुंटाला अडकली व्हती," तो म्हणाला. "मी लपवली न्हाय. पण घरात कशी आणू?"

परक्याला हे कळणार नाही. बुडालेल्याचं सामान खाडीनं आधी दिलं, तर माणूस सापडेपर्यंत ते उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. होडीत झाकून ठेवायचं. घरात नेलं की तो माणूस त्यामागून घरात येतो, असं आमच्यात मानतात. शिवदास आमच्या रीतीनं वागला आणि लोकांच्या लेखी चोर ठरला.

मग रघू तांडेलाकडे गेले. तो कंपनीची नाव चालवतो. त्या दिवशी मास्तरांना त्यानं पलीकडे का सोडलं नाही, एवढंच मला विचारायचं होतं. त्यानं तंबाखू चोळून तोंडात टाकली.

"नाव वर ओढून ठेवली व्हती, राहीबाय. पंतांचा हुकूम. तळाला भेग गेलीय म्हनं. मी सगळा तळ हातानं चाचपला. मला तर भेग काय सापडली न्हाय."

पंतांनी मला बसायला खुर्ची दिली, यावरूनच मी सावध झाले. भेगेविषयी म्हणाले की काळजी घेतलेली बरी. उताराविषयी म्हणाले की मास्तरांनी विचारलं, ओहोटी केव्हा. त्यांनी सांगितलं, बाराला. ते कुणालाही पंचांगात दिसतं.

"भांगाचं न्हाय सांगितलंत?"

"ते तुमचं काय ते मला ठाऊक नाही, राहीबाई. मी भातशेतीच्या मुलखातला. इथं येऊन चार वर्षं झाली. पाण्यातलं मला काय कळतं?"

हेच त्यांनी फौजदाराला लिहूनही धाडलं होतं. त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर, चाव्यांचे खिळे होते. मास्तरांच्या खोलीची दुसरी चावी तिथं असायची. खिळा रिकामा होता. विचारलं, तर म्हणाले, शिवदास झाडायला येतो, त्यानंच नेली असेल.

बाहेर आले, खाली जाऊन नावेचा तळ स्वतः चाचपून पाहिला, तोवर बाराचं ऊन झालं. आणि खोलीकडून पुन्हा तोच आवाज.

टक.

४

तुळशी माझ्या मागून येत होती. मी तिला परत फिर म्हटलं, तिनं ऐकलं नाही. माझा पदर मुठीत धरून चालत राहिली.

दाराला आम्ही कान लावला. आत कुणीतरी होतं. शिंपल्या हातात घेतल्या की होते ती किरकिर ऐकू येत होती. मग एक पडली. मग एक. अगदी मास्तर टाकायचे तशी, थांबून, विचार करून. तुळशी माझ्या कानाशी म्हणाली, "मावशी, मास्तर तपासतायत."

मी दार ढकललं. ते नुसतंच लोटलेलं होतं.

खोलीत कुणी नव्हतं. मास्तरांची बैठक, त्यांचा चष्मा ठेवायचा डबा, मांडलेल्या वीस करवंट्या. खाडीकडचं मागचं दार बोटभर उघडं. आणि मधोमध, जमिनीवर, एक शिंपली पालथी पडलेली. ती अजून डुलत होती.

तुळशी बाहेर पळाली. मागच्या दाराबाहेर तिवरांची झाडी, तिच्यात शिरलेला माणूस कुणाला दिसायचा? मी त्याच्यामागं गेले नाही. करवंट्यांपाशी बसले आणि मोजायला लागले.

पंतांच्या दहांमध्ये, जिथं आठ आणि अकरा शिंपल्या होत्या, तिथं आता एक, दोन, कुठं एकही नाही. रघूच्या प्रश्नांमध्ये मात्र सहा, सात. परबानाच्या प्रश्नात आठ. परबान म्हणजे शिडाचं आडवं लाकूड. त्याच्या सावलीत मी रांगायला शिकले. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, त्या प्रश्नात सात. रघूच्या दहांपैकी फक्त नऊ नंबर रिकामा होता, मी ठेवला होता तसा.

अहवाल धुऊन गेला होता. आता साहेब येऊन बघणार ते या करवंट्या. पाचाच्या वर गेलेला प्रश्न बाद. म्हणजे समुद्राचे बहुतेक प्रश्न जाणार आणि अनुज्ञा राहणार.

हात लावून सगळं पूर्वीसारखं करावं असं एकदा मनात आलं. केलं नाही. कारण बघता बघता मला दिसायला लागलं की शिंपल्या उगाच कुठंही टाकलेल्या नाहीत. टाकणारानं एकेक प्रश्न वाचून, कोळ्याची जीभ कुठं अडेल याचा अंदाज बांधून टाकल्या आहेत. पण मी परबानाला अडत नाही. माझ्या वाड्यातलं कुणीच अडत नाही.

इथं दुसरंच कुणीतरी अडखळलं होतं.

५

फौजदार सकाळी आला. तरणा, मिशीला तेल लावलेला, ऐकून घेणारा. मी त्याला म्हटलं, पाणी फिरायला अजून वेळ हाय, तेवढा मला दे. आधी त्याच्या हवालदाराला खोलीच्या दोन्ही दारांवर उभं केलं, करवंट्यांना कुणी शिवू नये म्हणून. मग धक्क्याच्या ओट्यावर कोळशानं वीस घरं काढली, आकडे घातले आणि शिंपल्यांची पाटी मधे ठेवली.

ज्यानं करवंट्या बदलल्या त्याला वाचता येतं, हे मी प्रथम सांगितलं. रघू तिथंच सुटला. त्याला एक आकडा काय आणि वीस काय.

शिवदासाच्या हाती प्रश्नांची प्रत दिली आणि म्हटलं, वाच, अडशील तिथं शिंपली टाक. चौथी शिकलेला पोरगा, घाम पुसत वाचत गेला. पंतांच्या घरांमध्ये ढीग झाले. परबान, नाळ असल्या घरांवरून तो न थांबता गेला.

पंत हे बघून हसले. म्हणाले, तो मुद्दामच तसं करणार. मी हात जोडले. आयुष्यात फार थोड्यांना जोडलेत.

"पंत, तुम्ही शिकलेले. आमची अक्कल केवढी, तुम्हांला ठाऊक. आमच्यातला एखादा खराच कुठं अडंल, ते तुम्ही फौजदारसाहेबांना दावा."

माणसाला शहाणपण दाखवायला मिळालं की तो पाय बघून टाकत नाही. पंतांनी शिंपल्या ओंजळीत घेतल्या. परबानाच्या घरात आठ टाकल्या. म्हणाले, असा चमत्कारिक शब्द कुणाला कळणार. नाळेच्या घरात सात. आपल्या प्रश्नांवर आले तेव्हा हात हलकाच राहिला. अनुज्ञेला एक. "हे तर सरळ आहे," म्हणाले. आणि नऊ नंबरवरून न थांबता पुढं गेले.

फौजदार उठला, खोलीत गेला, बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात करवंट्यांतल्या मोजणीचा कागद होता. तो त्यानं ओट्यावरच्या घरांशेजारी धरला. विसांतल्या सतरा जागी आकडा तोच होता. उरलेल्या तीन जागी एकाचा फरक.

पंत म्हणाले, योगायोग.

फौजदारानं तिकडे लक्ष दिलं नाही. त्यानं साधेपणानं विचारलं, "नऊ नंबरात एकही शिंपली नाही टाकलीत."

"त्यात अवघड काय आहे?" पंत म्हणाले. "भांगात उतार सुकत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालासुद्धा..."

आणि थांबले.

खाली धक्क्याच्या खांबांना पाणी लागत होतं. फौजदारानं खिशातून पंतांचा आधीचा लेखी जबाब काढला, उलगडला आणि त्यांच्या समोर धरला. पाण्यातलं मला कळत नाही, असं त्यांच्याच वळणदार अक्षरात होतं.

पंत ओट्यावर शिंपल्यांमध्येच बसले. त्यांच्या कोटाच्या खिशात खोलीची चावी सापडली. हळूहळू म्हणाले की मारायचं मनात नव्हतं. साहेबाकडे जायला एक दिवस उशीर व्हावा, एवढ्यासाठी नाव अडवली. मास्तर तरीही अडून बसले, तेव्हा उतार सुकेल म्हणून सांगितलं. चिखल बघून परत फिरतील असं वाटलं.

"मग हाका ऐकल्यात का?" मी विचारलं.

धक्क्यावरून उतार दिसतो. हाकही ऐकू येते. त्या दुपारी खाडीकडून कुणीतरी हाक मारत होतं, हे गावातही दोघांनी ऐकलं होतं, आणि गिऱ्हा म्हणून दारं लावून घेतली होती. हे मी लिहिते आहे कारण दोष सगळा एका माणसाच्या गळ्यात घालून आम्हांला मोकळं होता येणार नाही.

६

फौजदारानं माझा जबाब लिहून घेतला आणि अंगठ्यासाठी शाई पुढं केली. मी म्हटलं, मला सही येते, आधी वाचू दे. पहिल्याच ओळीत 'सदरहू इसमाने हेतुपुरस्सर' असं होतं. मी एक शिंपली कागदावर ठेवली. पुढच्या ओळीत दोन. सहावी ठेवली तेव्हा तो हसला आणि कागद फाडला.

नव्या कागदावर त्यानं लिहिलं: उतार सुकणार नाही हे बाळाजीपंतांना माहीत होतं. तरी त्यांनी मास्तरांना सुकेल असं सांगितलं. मास्तर गेले.

ते मी न अडखळता वाचलं आणि सही केली.

मास्तर पौर्णिमेच्या उधाणाला परत आले, उताराच्या तोंडाशीच. शिवदासानं होडीतून पिशवी काढली आणि त्यांच्या उशाशी ठेवली. मग ती उंबऱ्याच्या आत आणायला हरकत नव्हती, पण कुणी आणली नाही. त्यांच्याबरोबरच गेली.

परीक्षा पुढच्या महिन्यात झाली, नव्यानं काढून माझ्यापुढं मोजून घेतलेल्या प्रश्नांची. शिवदासाचे दोन चुकले. मनोऱ्यावर लागला. तुळशीला मुलगी झाली.

मास्तरांची खोली आता माझ्याकडे आहे. करवंट्या आहेत तिथंच आहेत. दुपारी सगळी निजली की मी जाऊन एक पान वाचते, आणि वाचता वाचता एक गोष्ट मला सुटत नाही. नऊ नंबर मी एका दमात वाचला होता. माझी जीभ अडली नाही, म्हणून शिंपली पडली नाही. मास्तरांना भांग हा शब्द कळला का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. आम्ही माझं अडखळणं मोजत होतो, शिकलेल्याचं कोण मोजतो?

परवा अख्खं पान न अडता वाचून झालं. दोन्ही हात मांडीवर होते, दारं बंद होती, वारा नव्हता.

नऊ नंबरात टक झालं.

ती शिंपली मी काढली नाही. ती त्यांची आहे.